ठिपके बदलतात, कड बदलत नाही : समुद्री गोगलगायींच्या रंगांचे कोडे

समुद्राच्या तळाशी टिपलेली रंगीबेरंगी गोगलगायींची छायाचित्रे आता कोणालाही मोबाइलवर पाहता येतात, आणि ती थोडा वेळ लक्ष देऊन पाहिली की माणूस गोंधळतो. एकाच शास्त्रीय नावाखाली चार छायाचित्रे दिलेली असतात. एकीतल्या प्राण्याच्या अंगावर बारीक ठिपके असतात, दुसरीत ते ठिपके मोठे झालेले असतात, तिसरीत रंग फिकट पडलेला असतो आणि चौथीतला प्राणी तर ओळखूही येत नाही. याच्या अगदी उलट अनुभवही येतो. दोन छायाचित्रांतले प्राणी जुळे वाटावेत इतके सारखे असतात, पण खालची नावे मात्र वेगळी असतात. अशा वेळी नाव देणाऱ्याची चूक झाली असावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. कधी कधी चूक झालेलीही असते, परंतु बहुतेक वेळा त्यामागे खरीखुरी आणि फार सुंदर कारणे असतात. ती समजून घेणे कठीण नाही.

मराठी वाचणाऱ्याला हा पेच एका परीने ओळखीचाच आहे. ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे छपाईत दोन-दोन तऱ्हांनी येतात, पण कोणतीही तऱ्हा समोर आली तरी आपण अडखळत नाही, कारण अक्षर तेच आहे हे आपल्याला माहीत असते. ‘घ’ आणि ‘ध’ यांच्यात मात्र शिरोरेषेजवळचा एवढासा फरक आहे, आणि तेवढ्यावर ‘घन’चे ‘धन’ होते. कोणता फरक सोडून द्यायचा आणि कोणता डोळ्यांत तेल घालून पाहायचा, हे शिकल्याशिवाय वाचता येत नाही. समुद्री गोगलगायींचे अभ्यासक गेली दीडशेहून अधिक वर्षे नेमके हेच शिकत आहेत.

हा प्राणी नेमका कोणता?

गोगलगाय म्हटले की पाठीवरचा शंख डोळ्यांसमोर येतो. समुद्रातील गोगलगायींच्या काही शाखांमध्ये हा शंख उत्क्रांतीच्या ओघात लहान होत गेला किंवा पूर्णपणे नाहीसा झाला, आणि अशा बिनशंखी किंवा जवळजवळ बिनशंखी प्राण्यांना मिळून आपण समुद्री गोगलगायी म्हणतो. त्यांच्यातला सर्वांत मोठा गट न्यूडिब्रँक या नावाने ओळखला जातो. या नावाचा अर्थ ‘उघड्या कल्ल्यांचे’ असा आहे. या गटात सुमारे ३,००० प्रजाती ज्ञात आहेत. काही जेमतेम काही मिलिमीटरच्या, तर काही हाताच्या पंजापेक्षाही मोठ्या. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला, म्हणजे डिंभाला, सहसा चिमुकला शंख असतो. तो पाण्यात तरंगत फिरतो आणि योग्य जागी तळाला टेकला की शंख टाकून देऊन रांगू लागतो.

पुढे वारंवार लागतील असे तीनच अवयव येथे सांगून ठेवतो. डोक्यावर दोन शिंगांसारखे अवयव असतात आणि त्यांनी प्राणी पाण्यातील वास घेतो. पाठीच्या मागच्या बाजूला अनेक प्रजातींत पिसांच्या तुऱ्यासारखे कल्ले असतात. काहींमध्ये त्यांच्याऐवजी सगळ्या पाठीवर बोटांसारख्या उंचवट्यांची दाटी असते. तिसरा अवयव म्हणजे पाठ झाकणारी त्वचेची चादर. तिला प्रावार म्हणतात, आणि तिची बाहेरची कड या लेखात पुन्हा पुन्हा येणार आहे.

शंख गेला म्हणजे संरक्षण गेले. त्याच्या जागी या प्राण्यांनी रसायने आणली. पुष्कळ न्यूडिब्रँक स्पंज, म्हणजे समुद्रतळाला चिकटून वाढणारे साधे प्राणी, खातात, आणि स्पंजांमध्ये अनेक विषारी किंवा बेचव द्रव्ये असतात. ती पचवून टाकण्याऐवजी गोगलगाय स्वतःच्या अंगात साठवते. क्रोमोडोरिस या गटातील अनेक प्रजाती लॅट्रुनक्युलिन ए नावाचे विषारी द्रव्य स्पंजांकडून मिळवतात, आणि ते प्रावाराच्या कडेत अधिक प्रमाणात साठवलेले आढळते. मासा प्रथम ज्या भागाला तोंड लावण्याची शक्यता आहे, तेथेच विष ठेवलेले असते.

हे रंग कोणासाठी आहेत?

सुंदर रंग जोडीदाराला आकर्षित करण्यासाठी असतात, ही कल्पना आपल्या मनात पक्ष्यांमुळे रुजलेली आहे. येथे ती लागू पडत नाही. न्यूडिब्रँकांचे डोळे अत्यंत साधे असतात. त्यांना उजेड आणि अंधार यांतला फरक कळतो, पण चित्र दिसत नाही. दोन गोगलगायी एकमेकींना वासाच्या मागावरून शोधतात. त्या उभयलिंगी असतात, म्हणजे प्रत्येकीत नर आणि मादी दोघांचेही अवयव असतात, त्यामुळे मोराने लांडोरीसमोर पिसारा फुलवावा असा प्रसंग त्यांच्या आयुष्यात येतच नाही. मला या विषयातील ही गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते: जगातील सर्वाधिक रंगीत प्राण्यांपैकी एक असलेल्या या जीवाला स्वतःचे रंग कधीही दिसत नाहीत.

ते रंग पाहतात मासे आणि इतर शिकारी. त्यांच्यासमोर गोगलगायीला दोन मार्ग असतात. पहिला लपण्याचा, म्हणजे ज्या स्पंजावर, प्रवाळावर किंवा शैवलावर आपण बसलो आहोत त्याच्यासारखेच दिसण्याचा. दुसरा याच्या बरोबर उलट, म्हणजे ‘मी बेचव आहे, मला तोंड लावू नका’ असे लांबूनच कळेल इतके ठळक दिसण्याचा. या दुसऱ्या प्रकाराला आपण इशाऱ्याचे रंग म्हणू. मासा एकदा चावा घेतो, तोंड वाकडे करून थुंकतो आणि तो रंग लक्षात ठेवतो. चावा बसलेली गोगलगाय कधी वाचते, कधी वाचत नाही, परंतु तिच्यासारख्या दिसणाऱ्या बाकीच्या सगळ्यांना त्या धड्याचा लाभ होतो.

इशाराच द्यायचा, तर तो सगळीकडे एकसारखा का नाही?

खरे कोडे येथून सुरू होते. रस्त्यावरच्या धोक्याच्या फलकाचा उपयोग तो सगळीकडे सारखा असतो म्हणून होतो. प्रत्येक वळणावर निराळ्या रंगाचा फलक लावला, तर वाहनचालक काहीच शिकणार नाही. त्याच न्यायाने, वेगळी नक्षी घेऊन जन्मलेल्या गोगलगायीला मासे ओळखणार नाहीत, तिला खाऊन पाहतील, आणि पिढ्यान्‌पिढ्या असे होत गेले की शेवटी एकच ठरावीक नक्षी उरायला हवी. नैसर्गिक निवडीचा साधा हिशोब असे सांगतो. प्रत्यक्षात मात्र इशारा देणाऱ्या प्रजातींमध्येही भरपूर विविधता दिसते. मग हिशोब कोठे चुकला?

याचे एक फार समाधानकारक उत्तर ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील गोनिओब्रँकस स्प्लेंडिडस या प्रजातीने दिले. पांढरे अंग, त्यावर लाल ठिपके आणि प्रावाराला पिवळी कड, असे तिचे रूप आहे. जॉर्ज फ्रेंच अँगस या चित्रकार-निसर्गअभ्यासकाने १८६४ मध्ये सिडनीच्या परिसरातून तिची शास्त्रीय नोंद केली, तीही जिवंत प्राणी पाहून काढलेल्या चित्रांसह. क्वीन्सलँड विद्यापीठातील संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या प्रजातीच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या प्राण्यांची नक्षी काटेकोरपणे मोजली. लाल ठिपक्यांचा रंग आणि त्यांची मांडणी प्राण्यागणिक आणि ठिकाणागणिक लक्षणीयरीत्या बदलत होती. पिवळी कड मात्र एका ठिकाणच्या प्राण्यांमध्येही बदलत नव्हती आणि दोन ठिकाणांच्या प्राण्यांमध्येही बदलत नव्हती.

मग त्यांनी तोच प्रश्न माशाला विचारला. प्रवाळखडकांवर राहणाऱ्या एका ट्रिगरफिशला या रंगांपैकी नेमके काय दिसते आणि काय लक्षात राहते, हे प्रयोगांत तपासण्यात आले. मासा पिवळी कड आहे की नाही यावरून इशारा ओळखत होता आणि अशा वस्तू टाळत होता. हे कळल्यावर सगळा गुंता सुटतो. जो भाग मासा वाचतो, त्या भागात चूक झाली की प्राण गेले. म्हणून तेथे बदल टिकत नाही. जो भाग मासा वाचतच नाही, तेथे निवडीचा दाब सैल असतो, आणि सैल सोडलेली गोष्ट हळूहळू आपापल्या दिशेने पांगते. रस्त्यावरच्या फलकाकडे पुन्हा पाहिले तर हेच दिसेल. लाल कडेचा त्रिकोण कायम ठेवला, तर आतील चित्र थोडे जाड-बारीक झाल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

या अभ्यासाने माझी पाहण्याची सवय बदलली. पूर्वी मी अशा छायाचित्रांत डोळ्यांत भरणारा भाग आधी पाहत असे, आणि तो भाग म्हणजे जवळजवळ नेहमी ठिपके. आता मी आधी कड पाहतो. माणसाच्या डोळ्याला जे ठळक वाटते तेच माशालाही महत्त्वाचे वाटत असेल, असे धरून चालण्याला काहीही आधार नाही.

ठिपके सैल सुटले हे मान्य, पण ते पांगतात कशामुळे?

याला एकच कारण नाही, आणि वेगवेगळ्या प्रजातींत वेगवेगळी कारणे वरचढ ठरतात.

पहिले कारण अंतराचे. प्रौढ गोगलगाय फार दूर जात नाही. दूर जातो तो पाण्यात तरंगणारा डिंभ. ज्या प्रजातींचे डिंभ थोडेच दिवस तरंगतात, किंवा ज्यांत तरंगणारी अवस्थाच नसते, त्यांच्या निरनिराळ्या ठिकाणच्या वस्त्या एकमेकींपासून तुटत जातात. एखादा योगायोगाने निर्माण झालेला बदल मग एका वस्तीत पसरतो आणि दुसरीत कधी पोहोचतच नाही. एकाच भाषेच्या बोली दूरदूरच्या प्रदेशांत निरनिराळ्या होतात, तसेच हे आहे.

दुसरे कारण शेजाऱ्यांचे. सिडनी येथील ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये काम केलेले बिल रुडमन यांनी १९९१ मध्ये एका महत्त्वाच्या लेखात दाखवून दिले की आग्नेय ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर अनेक स्वतंत्र प्रजाती पांढरे अंग, लाल ठिपके आणि पिवळी कड अशाच वेशात वावरतात. याचा फायदा उघड आहे. दहा बेचव प्रजातींनी दहा निरनिराळे फलक लावले तर माशाला दहा धडे शिकावे लागतील आणि प्रत्येक धड्यात काही जीव जातील. सगळ्यांनी एकच फलक लावला तर एकाच धड्यात काम भागते. फ्रिट्झ म्युलर या निसर्गअभ्यासकाने फुलपाखरांच्या संदर्भात ही कल्पना एकोणिसाव्या शतकातच मांडली होती. आता एखादी प्रजाती अशा दोन प्रदेशांत राहत असेल की जेथे शेजाऱ्यांचे ‘फलक’ वेगळे आहेत, तर तिला दोन्हीकडे निराळा वेश घेण्यात लाभ आहे. क्रोमोडोरिस या गटाच्या जनुकांवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असेच चित्र समोर आले. एका ठिकाणच्या निरनिराळ्या प्रजाती एकमेकींसारख्या दिसतात, आणि एकच प्रजाती दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी दिसते. छायाचित्रांवरून नाव देणाऱ्यांची दमछाक का होते, याचे मोठे कारण हेच आहे.

ही नक्कल गोगलगायींपुरतीही राहत नाही. फिलिडिएला पुस्ट्युलोसा या काळ्या अंगाच्या, गुलाबी गाठींच्या विषारी गोगलगायीसारखा दिसणारा एक चपटा कृमी आहे, आणि त्याला नावच ‘नक्कल करणारा’ या अर्थाचे, म्हणजे स्युडोसेरोस इमिटेटस असे मिळाले आहे.

तिसरे कारण खाण्याचे, आणि हे वंशपरंपरेने येणाऱ्या रंगांपेक्षा अगदी वेगळे आहे. लपून राहणाऱ्या प्रजातींमध्ये अन्नाचा रंगच अंगावर चढतो. एलिसिया व्हिरिडिस ही युरोपातील गोगलगाय हिरव्या शैवलावर वाढली तर हिरवी दिसते, लाल शैवलावर वाढली तर लालसर होते. फेस्टिला मेलानोब्राकिया ही प्रजाती ज्या प्रवाळाला खाते त्याचा रंग घेते, म्हणून नारिंगी प्रवाळावरची गोगलगाय नारिंगी असते आणि काळपट प्रवाळावरची काळपट. येथे दोन प्राण्यांच्या जनुकांत काहीही फरक नसताना ते पूर्ण वेगळे दिसू शकतात. अशा प्रजातीत रंगाने प्राण्याची ओळख पटत नाही, पण तो अलीकडे काय खात होता हे कळते.

चौथे कारण वयाचे. भूमध्य समुद्रात आणि अटलांटिकच्या पूर्व भागात आढळणाऱ्या फेलिमारे पिक्टा या प्रजातीची पिल्ले प्रौढांपेक्षा बरीच निराळी दिसतात. ती शेजारी शेजारी ठेवली तर दोन प्रजाती वाटाव्यात. वाढीबरोबर रंग बदलणे अनेक समुद्री गोगलगायींत आढळते, आणि जुन्या ग्रंथांत एकाच प्राण्याला लहानपणी एक आणि मोठेपणी दुसरे नाव मिळाल्याचे प्रकार त्यातून घडले आहेत.

या सगळ्या खरोखर एकाच प्रजातीच्या आहेत कशावरून?

ही शंका रास्त आहे, आणि कित्येकदा ती खरीही ठरली आहे. प्रजाती म्हणजे ढोबळमानाने असा समूह की ज्यातील प्राणी आपसांत संतती निर्माण करतात आणि ज्यांची जनुके पिढ्यांमागून पिढ्या एकमेकांत मिसळत राहतात. हे तपासण्यासाठी अभ्यासक अनेक प्रकारचे पुरावे एकत्र आणतात. निरनिराळ्या रंगांचे प्राणी एकमेकांशी मीलन करताना आढळतात का, हा एक पुरावा. शरीर उघडून पाहिल्यावर पुनरुत्पादनाचे अवयव आणि अन्न खरवडण्याची दातेरी पट्टी सारखी आहे का, हा दुसरा. डीएनए काय सांगतो, हा तिसरा.

या कसोट्यांवर निकाल दोन्ही बाजूंनी लागले आहेत. हिप्सेलोडोरिस या गटावरील २०१८ च्या मोठ्या अभ्यासात १७ नव्या प्रजातींना नावे देण्यात आली, आणि त्यांच्यातील हिप्सेलोडोरिस इबा ही एकच प्रजाती जांभळ्या आणि फिकट अशा दोन अगदी वेगळ्या रूपांत आढळते. दुसरीकडे, उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील डायॉल्युला सँडिएगेन्सिस ही १८६३ मध्ये नोंदवलेली गोगलगाय पाहा. फिकट अंगावर तपकिरी कडी किंवा ठिपके असे तिचे रूप होते; दक्षिणेकडच्या प्राण्यांवर ठिपके कमी, उत्तरेकडच्यांवर पुष्कळ, आणि तो फरक प्रजातीअंतर्गत विविधता म्हणून दीर्घकाळ सोडून दिला गेला होता. २०१६ मध्ये डीएनए आणि शरीररचना तपासल्यावर त्या दोन प्रजाती ठरल्या. उत्तरेकडच्या प्रजातीला डायॉल्युला ओडोनोघुई हे नाव लागू झाले. त्यांना नुसत्या डोळ्यांनी वेगळे करण्याची खूण आहे ती ठिपके प्रावाराच्या कडेपर्यंत पोहोचतात की आतच थांबतात, ही. येथे इशाऱ्याचा काही संबंध नाही, तरीही निर्णय शेवटी कडेवरच आला, याची मला गंमत वाटते.

युरोपातील पॉलिसेरा क्वाड्रिलिनिएटा या १७७६ पासून ज्ञात असलेल्या प्रजातीतूनही २०२० मध्ये पॉलिसेरा नॉर्वेजिका ही वेगळी प्रजाती बाहेर निघाली. सगळ्यांनी वर्षानुवर्षे पाहिलेला प्राणी होता तो.

इतकी वर्षे हे लक्षात कसे आले नाही?

यात अभ्यासकांच्या हलगर्जीपणापेक्षा अल्कोहोलचा दोष मोठा आहे. संग्रहालयात प्राणी टिकवण्यासाठी तो अल्कोहोल किंवा फॉर्मालिनमध्ये ठेवावा लागतो, आणि त्यात समुद्री गोगलगायीचे रंग लवकरच उडून जातात. आज जुनी बरणी उघडली तर आत फिकट, आक्रसलेला, पांढुरका गोळा मिळतो. शंखाच्या गोगलगायींचे तसे नाही. त्यांचा शंख शे-दोनशे वर्षांनीही नक्षीसह हातात घेता येतो. म्हणून एकोणिसाव्या शतकात बोटीवर किंवा किनाऱ्यावर बसून प्राणी जिवंत असतानाच त्याचे चित्र रंगवणाऱ्यांचे ऋण फार मोठे आहे. ब्रिटनमध्ये जोशुआ ऑल्डर आणि अल्बनी हँकॉक यांनी १८४५ ते १८५५ या काळात प्रसिद्ध केलेली न्यूडिब्रँकांची रंगीत चित्रे आजही अभ्यासाला उपयोगी पडतात. पण चित्र एका प्राण्याचे असते. त्याच प्रजातीचे आणखी पन्नास प्राणी कसे दिसतात, हे कळायला पाण्याखालील छायाचित्रण सर्वसामान्यांच्या हाती यावे लागले.

डीएनए तपासता येत असताना रंग पाहायचाच कशाला?

हा आक्षेप आता नेहमी ऐकू येतो, आणि त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली अशी की डीएनएही आपणहून ‘ही वेगळी प्रजाती आहे’ असे सांगत नाही. सामान्यतः पेशीतील मायटोकाँड्रिया या भागातील एका जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा प्रथम वाचला जातो, आणि वस्तूंवरच्या पट्ट्यांप्रमाणे त्याला बारकोड म्हणतात. दोन प्राण्यांच्या बारकोडमध्ये फरक किती, हे मोजता येते. पण किती फरक झाला की प्रजाती वेगळी मानायची, हे प्रत्येक गटात माणसाला ठरवावे लागते. बोलींमधील अंतर वाढत वाढत कधी दोन भाषा झाल्या, हे सांगायला जशी एखादी ठरावीक तारीख नसते, तसेच येथे आहे. गोनिओब्रँकस स्प्लेंडिडसच्या ज्या वस्त्यांमध्ये पिवळी कड जशीच्या तशी आढळली, त्यांच्या जनुकांत एकमेकींपासून बराच फरक पडलेला होता. जनुके पांगत गेली, ठिपके पांगत गेले, पण कड राहिली. केवळ डीएनए पाहणाऱ्याला यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट कळलीच नसती. शिवाय नुकत्याच वेगळ्या झालेल्या प्रजातींचा बारकोड जवळजवळ सारखाच असू शकतो, म्हणून जबाबदार अभ्यासक एकाहून अधिक जनुके पाहतात आणि शरीररचनेचीही साक्ष काढतात.

दुसरी अडचण अगदी व्यावहारिक आहे. पाण्याखाली प्राणी पाहणाऱ्या लाखो लोकांकडे प्रयोगशाळा नसते, डोळे असतात. डीएनएने एकदा दोन प्रजाती वेगळ्या केल्या की लगेच पुढचा प्रश्न येतो, त्या डोळ्यांनी ओळखायच्या कशा? तेव्हा अभ्यासक पुन्हा रंगांकडेच वळतात, फक्त यावेळी कोणता फरक खरा आणि कोणता सोडून देण्याजोगा हे त्यांना आधी माहीत असते.

नावाचा हा काथ्याकूट कोणाला उपयोगी?

याचे उत्तर हर्मिसेंडा या गोगलगायीने चांगले दिले आहे. प्राणी अनुभवातून कसा शिकतो आणि ते शिकणे चेतापेशींत कसे साठते, याच्या संशोधनात हर्मिसेंडा क्रॅसिकॉर्निस ही प्रजाती अनेक दशके वापरली गेली. तिची मज्जासंस्था साधी आहे आणि पेशी मोठ्या आहेत, हे त्यामागचे कारण. २०१६ मध्ये तपासणी झाली तेव्हा या एका नावाखाली तीन प्रजाती असल्याचे दिसले: ईशान्य पॅसिफिकच्या उत्तर भागात हर्मिसेंडा क्रॅसिकॉर्निस, दक्षिणेला हर्मिसेंडा ओपलेसेन्स आणि जपान व रशियाच्या अतिपूर्वेकडील किनाऱ्यावर हर्मिसेंडा एमुराई. प्रयोगातील प्राणी कोणत्या किनाऱ्यावरून आणले होते, हे आता जुने निबंध वाचणाऱ्याने तपासायला हवे, कारण दोन प्रयोगांचे निष्कर्ष जुळले नाहीत तर त्याचे एक कारण प्राणीच वेगळे असणे हेही असू शकते.

अमेरिकी किनाऱ्यावरच्या दोन प्रजाती डोळ्यांनी वेगळ्या करता येतात, त्या पाठीवरच्या बोटांसारख्या उंचवट्यांवरून. क्रॅसिकॉर्निसमध्ये त्या प्रत्येकावर पांढरी रेघ असते, ओपलेसेन्समध्ये नसते. ही एक रेघ पाहायची सवय लागल्यावर काय झाले ते लक्षात घेण्यासारखे आहे. ओपलेसेन्स फक्त उत्तर कॅलिफोर्नियापर्यंतच आढळते असे आधी मानले गेले होते, पण २०१८ मधील एका अभ्यासाने ती कॅनडातील व्हँकूव्हर बेटाच्या परिसरातही क्रॅसिकॉर्निसच्या शेजारी राहत असल्याचे दाखवले. कोणती प्रजाती कोणत्या पाण्यात राहते, ती उत्तरेकडे सरकत आहे का, समुद्राच्या बदलत्या तापमानाचा तिच्यावर काय परिणाम होतो, हे सगळे प्रश्न नाव नेमके असेल तरच विचारता येतात. दोन प्रजाती एकाच नावाखाली मोजल्या, तर एक कमी होत असताना दुसरी वाढेल आणि बेरीज पाहणाऱ्याला सारे ठीक वाटत राहील.

औषधी रसायनांच्या शोधालाही हेच लागू होते. अमुक गोगलगायीत अमुक द्रव्य सापडले, असे लिहिताना नाव चुकले तर पुढच्या संशोधकाला ते द्रव्य पुन्हा सापडणार नाही.

छायाचित्र पाहताना आणि काढताना

या प्राण्यांचे छायाचित्र पाहून नाव शोधणाऱ्याने ठिपक्यांची संख्या सर्वांत शेवटी मोजावी. आधी प्रावाराची कड पाहावी: तिला किती पट्टे आहेत, कोणत्या रंगाचे आहेत आणि कोणता पट्टा बाहेर आहे. नंतर शिंगांचा व कल्ल्यांचा रंग पाहावा, कारण तो अनेक प्रजातींत अंगावरच्या नक्षीपेक्षा स्थिर असतो. मग प्राणी कशावर बसला आहे ते पाहावे. लपणाऱ्या प्रजातींत त्यावरूनच निम्मी ओळख पटते. तो कोठे, किती खोलीवर आणि कोणत्या महिन्यात दिसला, आणि तो अंदाजे किती लांब होता, ही माहिती सोबत असेल तर तेच छायाचित्र अभ्यासकाला कितीतरी अधिक उपयोगी पडते. दोन निराळ्या रंगांचे प्राणी एकत्र मीलन करताना दिसले, तर ते छायाचित्र कितीही अंधूक असले तरी पुसून टाकू नये.

आणखी एक गोष्ट छायाचित्रांत कायम विसरली जाते. समुद्राचे पाणी सूर्यप्रकाशातील लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते; काही मीटर खाली गेल्यावर लाल वस्तू काळपट दिसू लागते, तर पिवळा रंग त्याहून खोलवर टिकतो. पाण्याखालील छायाचित्रांतले लखलखीत लाल ठिपके बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या दिव्याने उजळलेले असतात. तो दिवा बंद करून त्याच प्राण्याचे आणखी एक छायाचित्र काढले आणि दोन्ही शेजारी ठेवली, तर माशाच्या जगात त्या गोगलगायीचे ठिपके किती विझलेले असतात आणि कड किती उरते, हे पाहणाऱ्याला स्वतःच्याच डोळ्यांनी पडताळता येईल.